आईचे गुडघे, हास्यक्लब आणि ‘खोटं खोटं काय हसायचं’

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. आई ७१ वर्षांच्या, दोन्ही गुडघे दुखतात. एक्स-रेवर ‘ग्रेड तीन’ लिहून आलंय. ऑर्थोपेडिक डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची घाई नाही, व्यायाम करा. शेजारच्या काकूंनी त्यांना इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर हास्यक्लबला नेलं, चार-पाच दिवस गेल्या आणि बंद केलं. का, तर ‘खोटं खोटं काय हसायचं!’ घरात तुम्ही सगळे त्यांना हसवायला बघता, नातू ‘आजीचं इंजिन आज स्टार्टच होईना’ म्हणतो, तर त्या चिडतात. म्हणून तुम्ही विचारताय की हसण्याने सांधेदुखी खरंच कमी होते, की ही नुसती व्हॉट्सअ‍ॅपवरची बातमी? आणि होत असेल तर हसायलाच तयार नसलेल्या माणसाला हसवायचं कसं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशकातच बरीच वर्षं प्रॅक्टिस करते आणि माझ्याकडे सगळ्यांत जास्त गर्दी गुडघ्यांचीच असते. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते. हसण्याने झीज भरून येत नाही, अगदी तसूभरही नाही. पण दुखणं कमी व्हायला हसण्याची मदत होऊ शकते, आणि ती मदत तुम्ही समजताय त्यापेक्षा वेगळ्या वाटेने होते. तुमच्या घरातली खरी अडचणही माझ्या मते ‘आई हसत नाहीत’ ही नाही. आईंचं हलणं-फिरणं कमी होत चाललंय आणि त्यांनी क्लब का सोडला याचं खरं कारण अजून घरात कोणाला माहीत नाही, ही आहे. त्या कारणाकडे येतेच, पण आधी झीज आणि दुखणं वेगळं करून घेऊ.

एक्स-रेवरचा ग्रेड शून्य ते चार असा असतो. ही पद्धत केलग्रेन आणि लॉरेन्स या दोन डॉक्टरांनी १९५७ साली मांडली आणि ती अजूनही वापरात आहे. तो ग्रेड हाडांमधली फट किती कमी झाली, कडेला हाडाचे काटे किती वाढले, एवढंच सांगतो. माणसाला किती दुखतंय हे तो सांगत नाही. ग्रेड चार घेऊन भाजीबाजार करून येणाऱ्या बायका मी बघते आणि ग्रेड दोनवाल्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर थबकलेल्याही बघते. दुखणं किती हे मांडीच्या स्नायूंची ताकद, सांध्यातली सूज, वजन, रात्रीची झोप, मनावरचा ताण आणि भीती या सगळ्यांवर ठरतं.

यातल्या भीतीकडे कोणी बघत नाही. ‘गॅप कमी झालाय’, ‘वंगण संपलं’ असं एकदा कानावर पडलं की माणूस पाय जपायला लागतो. जिना टाळतो, देवळात जाणं टाळतो, खुर्चीतून उठताना आधीच श्वास रोखून अंग आवळून घेतो. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. ती स्पंजासारखी दबते, सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यातच सांध्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं. पाय हललाच नाही तर पोषणही घटतं आणि मांडीचा स्नायू आठवड्या-दोन आठवड्यांत बारीक व्हायला लागतो. मग गुडघ्यावर भार जास्त येतो, जास्त दुखतं, माणूस आणखी जपतो. हे चक्र भीतीच्या जागी तोडायचं असेल तर तिथे हसण्याचा उपयोग होतो.

आता शास्त्राचं. तुम्हाला जो मेसेज आला असेल तो बहुतेक नॉर्मन कझिन्स यांच्या गोष्टीचा. हे अमेरिकन संपादक १९६४ साली सांधे-मणक्यांच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले आणि विनोदी फिती बघून हसले की वेदना कमी व्हायच्या, असं त्यांनी १९७६ साली एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात लिहिलं. दहा मिनिटं पोटभर हसलं की दोन तास वेदनेविना झोप मिळते, हे वाक्य तिथलंच. गोष्ट खरी आहे, पण ती एका माणसाची आहे. त्यांना सांगितलेला आजार तुमच्या आईंच्या आजारापेक्षा वेगळा होता, त्या निदानाबद्दलही पुढे शंका घेतल्या गेल्या, आणि सोबत ते क जीवनसत्त्वाचे मोठे डोसही घेत होते. त्यामुळे त्यावरून ‘हसा आणि गुडघे बरे करा’ असं म्हणता येत नाही.

जास्त भरवशाचं काम ऑक्सफर्डच्या रॉबिन डनबार यांच्या गटाचं आहे. लोकांना एकत्र बसवून विनोदी काही दाखवलं आणि ते खळखळून हसले, तर त्यानंतर वेदना सोसण्याची ताकद वाढलेली दिसली. माहितीपट बघणाऱ्यांत तसं झालं नाही. फिनलंडमध्ये २०१७ साली मेंदूची चित्रं काढून बघितलं, तेव्हा मित्रांबरोबर हसल्यावर शरीराची स्वतःची वेदनाशामक रसायनं मेंदूत स्रवताना दिसली. मात्र हे प्रयोग निरोगी माणसांवरचे आहेत, फिनलंडचा तर मोजक्याच पुरुषांवरचा. झिजलेल्या गुडघ्याबद्दल त्यातून थेट काही सिद्ध होत नाही. माझ्या कामाला त्यातल्या दोन गोष्टी उपयोगी पडतात. एक, परिणाम खऱ्या, पोटातून येणाऱ्या हसण्याचा आहे, सभ्यपणे ओठ ताणण्याचा नाही. दोन, माणसं सोबत असली की हसणं कितीतरी जास्त येतं. तुमच्या आई ‘खोटं खोटं’ म्हणतात त्यात अगदीच तथ्य नाही असं नाही.

हास्यक्लबची बाजूही सांगते, कारण मी त्याच्या विरोधात नाही. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन हे सुरू केलं. सुरुवातीला तिथे विनोदच सांगत असत. दोनेक आठवड्यांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, मग कोणाला तरी टोचणारे, कमरेखालचे विनोद यायला लागले आणि लोक कुरकुरू लागले. तेव्हा त्यांनी विनोद काढूनच टाकले आणि नुसतं हसायचं ठरवलं. आधी मुद्दाम हसायचं, मग एकमेकांकडे बघून खरं येतं, अशी ती पद्धत. काहींना येतं, काहींना मेलं येत नाही. ज्यांना येतं त्यांनी जरूर जावं. ज्यांना दोन्ही हात वर करून ‘हो हो हा हा’ करताना अवघडल्यासारखं होतं त्यांना ढकलून काही मिळत नाही, उलट ‘मला हेही जमत नाही’ ही भावना पदरी पडते.

आणि आता ते कारण. जे सांगते ते तुमच्या आईंच्या बाबतीत खरं असेलच असं नाही, पण विचारल्याशिवाय राहू नका. साठीच्या पुढच्या बायका हास्यक्लब, गरबा, झुंबा अचानक सोडतात तेव्हा पुष्कळदा कारण गुडघा नसतं. हसलं, खोकलं, शिंकलं की लघवीचे थेंब जातात, हे असतं. बाळंतपणं आणि पाळी जाणं यामुळे ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात, आणि पोटातून हसलं की दाब नेमका तिथेच येतो. पहाटेच्या ट्रॅकवर वीस माणसांत साडी ओली झाली तर ती बाई पुन्हा तिथे फिरकेल का? आणि घरी येऊन मुलाला काय सांगेल? ‘खोटं खोटं काय हसायचं’ हेच सांगेल. माझ्याकडेही हे पहिल्या भेटीत निघत नाही. तिसऱ्या-चौथ्या भेटीत, मी पाय उचलायला सांगत असताना, छताकडे बघत हळूच निघतं.

म्हणून हे तुम्ही स्वतः विचारू नका. बायकोला, बहिणीला किंवा आईंच्या जवळच्या मैत्रिणीला एकांतात विचारायला सांगा. तसं असेल तर उपाय आहे. लघवी अडवायला जे स्नायू आपण आवळतो तेच आवळायचे, पाच आकड्यांपर्यंत धरायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही, पोट-मांड्या आवळायच्या नाहीत, आणि लघवी करता करता मध्येच थांबवून सराव करायचा नाही. साधारण तीन महिने नेटाने केलं तर बहुतेकींना फरक जाणवतो. जमतंय की नाही कळत नसेल तर एखाद्या महिला फिजिओथेरपिस्टकडून एकदा तपासून घ्या. आणि पाणी पिणं कमी करू देऊ नका, बऱ्याच जणी तेच करतात.

क्लबबद्दल आणखी एक. नुकतं मोतीबिंदूचं किंवा पोटाचं ऑपरेशन झालेलं, हर्निया, काचबिंदू, काबूत नसलेलं बीपी किंवा हृदयाचा त्रास यांपैकी काही असेल तर जोरजोरात हसण्याचे प्रकार डॉक्टरांना विचारूनच करायचे. शिवाय खूप हसू आलं की क्षणभर स्नायूंचा ताण खरोखरच उतरतो, ‘हसून हसून पाय गळाले’ म्हणतो ते काही उगीच नाही. एका पायावर उभं राहून किंवा पुढे वाकून हसायला सांगत असतील तर कमजोर गुडघ्याच्या माणसाने ते बसून करावं. जिन्यावर विनोद नको, हे मी नातवंडांना तोंडावर सांगते.

आता नातवाचं ‘इंजिन’. तो दुष्टपणाने म्हणत नाही हे मलाही कळतं. पण त्या विनोदात हसणारे सगळे एका बाजूला असतात आणि आई एकट्या दुसऱ्या बाजूला. शिवाय विषय त्यांच्या शरीराचा, ज्याच्यावरचा भरवसा रोज थोडा थोडा उडतोय. पाहुण्यांसमोर असं झालं तर त्या पुढच्या वेळी सगळ्यांसमोर खुर्चीतून उठणंच टाळतील. कमी हलणं असंही सुरू होतं. हेच वाक्य त्या स्वतः बोलल्या असत्या तर गोष्ट वेगळी होती. माझ्याकडे एसटीचे निवृत्त कंडक्टर यायचे. खुर्चीतून उठबस करायचा व्यायाम दिला की उठताना स्वतःच ‘डबल’ म्हणायचे आणि बसताना ‘सिंगल’. दोन घंट्या म्हणजे गाडी सोडा, एक म्हणजे थांबवा. दमले की ‘गाडी डेपोत लावतो’ म्हणायचे. शेजारच्या कॉटवरच्या बाईंनी ‘अहो, सुट्टे द्या आधी’ म्हटलं की दोघं हसायचे आणि त्या हसण्यात आणखी तीन-चार वेळा उठबस होऊन जायची. त्या विनोदाची घंटा त्यांच्या हातात होती.

तेव्हा घरात विनोद कोणी करायचा हे आईंना ठरवू द्या. त्यांना हसवण्याऐवजी त्यांना बोलतं करा. जुन्या नाशकातल्या असतील तर नातवाला विचारू दे, रंगपंचमीला रहाडीत, म्हणजे रंगाच्या पाण्याच्या हौदात, पहिला धप्पा कोण मारायचं, कोणाचं धोतर पाण्यात सुटलं होतं. वाड्यात राहिल्या असतील तर त्या लाकडी जिन्याबद्दल विचारा. सराफ बाजाराकडच्या एका आजी मला म्हणाल्या होत्या, ‘तो जिना माझ्यापेक्षा म्हातारा आहे, माझ्यापेक्षा जास्त कुरकुरतो, पण त्याला कोणी मलम चोळत नाही.’ म्हातारपणी माणसाला नवे विनोद लागत नाहीत हो, ऐकणारं कोणीतरी लागतं.

आणि त्यांच्या विनोदाकडे नीट कान द्या, कारण बरेचदा तक्रार त्यातच असते. ‘आज गुडघ्याने संप पुकारलाय’ म्हणाल्या तर हसा आणि मग विचारा, ‘संप कशावरून? सकाळी की जिना उतरताना?’ आमची एक पिढी दुखणं सरळ सांगत नाही. ‘मला काय धाड भरलीये’ म्हणून हसून उडवते. म्हणून ‘दुखतंय का?’ असं विचारूच नका. संडासातून उठताना कशाला धरावं लागतं, देवळात जाणं कधीपासून बंद झालं, रात्री कूस बदलताना जाग येते का, असं विचारा. त्याची उत्तरं खरी येतात.

व्यायामाकडे येऊ, कारण दुखणं शेवटी तिथेच कमी होतं. हसण्याचा उपयोग मी इथे सगळ्यांत जास्त करून घेते. गुडघ्यासाठी मांडीच्या पुढच्या स्नायूचे दोन-तीन साधे व्यायाम पुरतात. खुर्चीत बसून एक पाय समोर सरळ करायचा आणि पाच ते दहा सेकंद धरून ठेवायचा. पलंगावर पाय लांब करून गुडघ्याखाली गुंडाळलेला टॉवेल ठेवून तो खाली दाबायचा. आणि जरा उंच, हात असलेल्या खुर्चीतून उठायचं-बसायचं, सुरुवातीला हातांचा आधार घेऊन. अडचण व्यायामाची नसतेच, कंटाळ्याची असते. एक, दोन, तीन, चार मोजत भिंतीकडे बघणं कोणाला आवडेल? त्यातून मोजताना बायका श्वास रोखून धरतात आणि बीपीवाल्यांना ते बरं नाही.

म्हणून मी आकडे काढून टाकले आणि उखाणे आणले. पाय सरळ उचलायचा आणि उखाणा पूर्ण होईपर्यंत खाली ठेवायचा नाही. बोलायचं असल्यामुळे श्वास आपोआप सुटतो. उखाणा साधारण सहा-सात सेकंदांचा असतो, म्हणजे मात्राही बरोबर बसते. दोघी असल्या तर एकीने पाय उचलून उखाणा घ्यायचा, दुसरीने लक्ष ठेवायचं, मग उलट. दोन जावा जोडीने यायच्या, त्यांनी तर नवेच रचायला घेतले. एक असा होता:

गुडघ्याला लावते तेल, कमरेला बांधते पट्टा,
अमुकरावांनी आधी चढावा जिना, मग करावी थट्टा.

दुसरीचं लगेच उत्तर:

गोदाकाठी रामकुंड, पंचवटीत वड पाच,
अमुकरावांचं नाव घेते, गुडघ्या, आता तरी नाच.

‘नाच’ म्हणताना हसू फुटायचं, पाय धपकन खाली यायचा आणि दुसरी म्हणायची, ‘बाद! पुन्हा घे.’ पुन्हा घेतला की एक आवर्तन वाढलं. मी काही न बोलता वहीत लिहायचे. तुमच्या आईंना उखाण्यांची आवड नसेल तर अभंगाचं एक कडवं चालेल, पाढे चालतील, मैत्रिणीला फोन लावून पाय उचलायचा आणि ती काय म्हणते ते ऐकायचं, तेही चालेल. बाबा असतील तर त्यांनाही खुर्ची घेऊन समोर बसवा, त्यांचेही गुडघे काही पंचविशीतले नसणार. प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा, दिवसातून दोनदा, एवढ्याने सुरुवात करा.

करताना थोडं दुखलं तर घाबरू नका. व्यायामानंतर वाढलेलं दुखणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आलं तर मात्रा बरोबर आहे. तसंच राहिलं किंवा गुडघा सुजला तर व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. आणि आठ दिवसांत निकाल मागू नका. स्नायूंना ताकद यायला सहा-आठ आठवडे लागतात, जिना चढताना खरा फरक वाटायला तीन महिनेही लागतात. एवढे दिवस माणूस कशाच्या जोरावर टिकेल हा प्रश्न आहे, आणि माझ्या अनुभवात उखाणेवाल्या टिकतात, आकडेवाल्या गळतात. याला कोणी पुरावा मागितला तर माझ्याकडे फक्त माझी वही आहे.

इथवर तीन गोष्टी झाल्या: क्लब का सोडला ते एकांतात विचारा, घरातला विनोद त्यांच्या हातात द्या, आणि हसणं व्यायामाच्या वेळेला जोडा. आता बाकीचं भराभर सांगते.

वेळ. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर येतो आणि लोक तरीही गुडघेदुखीच्या माणसाला सकाळी सहाला ट्रॅकवर नेतात. कशासाठी? थंडीत सांधे जास्त आखडतात. ऊन वर आल्यावर, गरम पाण्याने शेकून किंवा अंघोळ करून मग जा. क्लबची वेळ बदलत नसेल तर चार घरच्या चार बायकांचा उन्हातला गट करा, सोसायटीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून. ज्येष्ठ नागरिक संघ जवळ असेल तर तिथेही विचारा.

वजन. एक किलो कमी झालं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, असं अमेरिकेत गुडघ्याची झीज असलेल्या वयस्कर, जाड लोकांवरच्या २००५ सालच्या अभ्यासात मोजलं गेलं. दोन-तीन किलो उतरले तरी गुडघ्याला कळतं. आई बारीक असतील तर हे विसरा, त्यांना उलट दूध, डाळी, अंडी पोटात जातात का ते बघा, नाहीतर स्नायू बनणार कशाचे?

काठी ज्या बाजूचा गुडघा जास्त दुखतो त्याच्या विरुद्ध हातात धरायची. जिना चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. काठी म्हणजे म्हातारपण असं आईंना वाटत असेल तर वाद घालू नका, छत्री द्या, पण लांब, मजबूत आणि टोकाला रबर असलेली. कमोडशेजारी धरायला दांडा बसवून घ्या, त्याचा खर्च एका एमआरआयच्या तुलनेत काहीच नाही. मांडी घालून, पाटावर बसणं काही महिने टाळा, कायमचं सोडायलाच हवं असं नाही.

गोळ्या हा माझा विषय नाही, पण एवढं सांगते. मेडिकलमधून स्वतःहून आणून रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या या वयात किडनी, जठर आणि बीपी तिन्हींना त्रास देतात. वरून लावायचं जेल त्यामानाने सुरक्षित, तेही डॉक्टरांना विचारून. कोणी ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून बिनलेबलची पुडी दिली आणि दोन दिवसांत जादू झाली तर आनंद मानू नका, सावध व्हा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे. तेलाने मालिश करा, उबेने आणि हाताच्या मायेने बरं वाटतंच. झीज त्याने भरत नाही, पण बरं वाटलेलं फुकट जात नाही, त्यानंतर लगेच व्यायाम करून घ्या.

एक उद्दिष्ट आईंनाच ठरवू द्या. ‘दुखणं शून्य’ हे उद्दिष्ट नको, ते हाती लागत नाही आणि निराशा येते. पंचवटीत काळारामाला जाऊन येणं, भाचीच्या लग्नात दोन तास बसणं, सप्तशृंगी गडावर देवीचं दर्शन असं काहीतरी ठेवा. गडावर आता ट्रॉली आहे, त्यामुळे सगळ्या पायऱ्या चढाव्या लागत नाहीत, तरी गर्दीत उभं राहण्याइतके पाय हवेतच. त्यासाठी व्यायाम करताना माणूस तक्रार कमी करतो.

आता एक गंभीर गोष्ट. आई आधी विनोदी, चेष्टेखोर होत्या का? आणि गेल्या काही आठवड्यांत ते पूर्ण थांबलंय का? झोप लागत नाही, जेवणात मन नाही, आवडीची मालिकाही बघत नाहीत, ‘आता काय राहिलंय’ असं वरचेवर बोलतात, असं असेल तर हे गुडघ्याचं नाही. उतारवयातलं नैराश्य असं दुखण्याआड लपतं, आणि नैराश्य असलं की तोच गुडघा दुप्पट दुखतो. तेव्हा हसवायचा प्रयत्न बंद करून डॉक्टरांना दाखवा. उपचार होतात आणि चांगले होतात. अशा माणसाला ‘हसत राहा हो’ सांगणं म्हणजे त्याच्यावर आणखी एक ओझं टाकणं.

तसंच, सकाळचा आखडलेपणा साधारण अर्ध्या तासात सुटत असेल तर तो झिजेचा. तासभर किंवा जास्त राहत असेल, बोटांचे-मनगटांचे सांधेही सुजत असतील तर झिजेपेक्षा वेगळ्या, सांधे सुजवणाऱ्या संधिवाताच्या (रूमॅटॉइड) तपासण्या हव्यात. एकच गुडघा अचानक लाल, गरम, सुजलेला आणि सोबत ताप, पडल्यानंतर पायावर उभंच राहता न येणं, पोटरी एका बाजूची सुजून दुखणं, यांत व्यायाम, तेल, हसणं काही करत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बाकी ऑपरेशनचा निर्णय ग्रेडवरून घेऊ नका. तीन महिने नीट व्यायाम करूनही रात्रीची झोप मोडत असेल आणि घरातल्या घरात फिरणं अवघड झालं असेल तर पुन्हा ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. जाताना एका कागदावर लिहून न्या: किती मिनिटं चालता येतं, किती पायऱ्या, कोणत्या गोळ्या चालू आहेत, रात्री किती वेळा जाग येते, आणि हसताना-खोकताना लघवीचा त्रास आहे की नाही. शेवटचं वाक्य आईंनाच लिहू द्या, तोंडाने सांगावं लागत नाही म्हटल्यावर त्या लिहितील.